बिघाडाची वही

व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की, मी ऊसतोड कामगारांच्या उचलीबद्दल, कोयत्याच्या दराबद्दल किंवा बंद पडलेल्या कारखान्यांतील थकलेल्या पगाराबद्दल बोलेन. धाराशिव जिल्ह्यात गेली तीस वर्षे मी तेच बोलत आलो आहे. यंदा मी निराळाच विषय दिला : अनेकांनी मिळून भाड्याने घेतलेल्या एकाच संगणकावर ज्या स्क्रिप्टा चालतात, त्यांतले बिघाड माणसांनी कसकसे शोधले, याचा इतिहास. चालकांनी सौजन्याने होकार दिला, परंतु "तुम्ही आणि हे?" असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट वाचता आला.

मी या विद्येचा पंडित नव्हे. माझे शिक्षण दहावीत थांबले. संगणकाचे जे काही ज्ञान मला आहे ते गरजेपोटी, चुका करीत आणि शब्दकोश शेजारी ठेवून मिळविलेले आहे. तरी या विषयावर बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे असे मी मानतो, आणि तो अधिकार मला माझ्या आईकडून आला. १९७२ च्या दुष्काळात आई खडी फोडण्याच्या कामावर होती. मी तेव्हा पाळण्यातून नुकताच उतरलेला. पुढे ती सांगत असे की, संध्याकाळी पाठ कितीही मोडून आलेली असो, मस्टर कारकुनासमोर उभे राहून "माझं नाव लिवलं का, वाचून दाव" असे म्हटल्याशिवाय ती घरी निघत नसे. तिला अक्षर येत नव्हते. परंतु केलेले काम आणि वहीत लिहिलेले काम या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि मजुरी दुसरीवर मिळते, हे तिला पक्के ठाऊक होते. संगणकाच्या बिघाडांचा इतिहास वाचताना मला वारंवार तिची आठवण झाली. बिघाड कोणी केला, हा प्रश्न लोक पहिल्याने विचारतात. बिघाडाची वही कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न मात्र त्याहून मोठा आहे.

१

संगणकातल्या दोषाला आज सारे जग 'बग' म्हणते. बग म्हणजे किडा. हा शब्द संगणकाहून जुना आहे. टॉमस एडिसनच्या १८७८ सालच्या पत्रव्यवहारात यंत्रातील बारीकसारीक दोषांसाठी तो आढळतो. परंतु त्याची प्रसिद्ध कथा ९ सप्टेंबर १९४७ ची. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या 'मार्क टू' या अजस्र यंत्रात काहीतरी चुकू लागले. चालकांनी यंत्र उघडून पाहिले, तो एका रिलेच्या पट्ट्यांमध्ये खराखुरा पतंग अडकून मेलेला. त्यांनी तो काढला, रोजच्या नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटविला, आणि खरोखरचा किडा सापडल्याचा हा पहिला प्रसंग, अशा अर्थाचा विनोदी शेरा खाली मारला. ती वही आज अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवली आहे.

लोक ही कथा किड्यासाठी सांगतात. मला तिच्यात महत्त्वाची वाटते ती वही. यंत्राशेजारी वही होती, तीत वेळ लिहिलेली होती, काय केले आणि काय आढळले हे लिहिलेले होते, आणि जो यंत्र चालवीत होता त्याच्याच हाताखाली ती होती. म्हणून पतंग सापडला. यंत्र एकाचे, वही त्याचीच, असा तो सुखाचा काळ होता.

तो फार दिवस टिकला नाही, कारण यंत्रे महाग होती. आपल्याकडचे उदाहरण घ्यावयाचे तर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे घ्यावे. या संस्थेने टिफ्रॅक नावाचा संगणक स्वतः बांधला व १९६० मध्ये तो चालू केला. पुढे १९६४ मध्ये तेथे सीडीसी ३६०० हे परदेशी यंत्र आले, आणि देशातल्या अनेक संस्थांचे संशोधक त्या एका यंत्राकडे गणिते पाठवू लागले. गणित पाठवायचे म्हणजे भोके पाडलेल्या पत्त्यांची चळत द्यायची आणि आपली पाळी येण्याची वाट पाहायची. एका पत्त्यावर एक भोक चुकीच्या जागी पडले तर उत्तराऐवजी दोषाचा कागद हाती यायचा. पत्ता सुधारून पुन्हा रांगेत.

ज्याच्या शेतात सामाईक विहीर आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. विहीर एक, वाटेकरी चार. सातबाऱ्यावर हिस्सा लिहिलेला असतो आणि पाणी पाळीने मिळते. आपल्या पाळीत मोटेचा नाडा तुटला तर पाळी गेली. शेजाऱ्याने आपली पाळी लांबविली तर आपले पीक वाळले. सामाईक यंत्राचे सर्व गुण आणि सर्व भांडणे या विहिरीत आधीच होती.

पाळीची ही वाट पाहणे चुकविण्यासाठी अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात फर्नांडो कॉर्बाटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये एक नवी व्यवस्था दाखविली. यंत्राने आपला वेळ सेकंदाच्या बारीक तुकड्यांत वाटायचा आणि प्रत्येक वापरणाऱ्याकडे इतक्या चटकन फिरून यायचे की, यंत्र माझ्या एकट्याचेच आहे असे प्रत्येकाला वाटावे. प्रत्येकाच्या कागदपत्रांना कुलूप हवे म्हणून संकेतशब्दही आले. आज ज्याला सामाईक सर्व्हर म्हणतात त्याचे हे आजोबा.

या व्यवस्थेतला एक बिघाड कॉर्बाटो यांनी पुढे, संगणकशास्त्रातला सर्वोच्च असा ट्युरिंग पुरस्कार स्वीकारतानाच्या व्याख्यानात, स्वतःहून जगाला सांगितला. १९६० च्या दशकातली ही हकिगत. व्यवस्था पाहणारे दोघे जण एकाच वेळी कामाला बसले होते. एक जण सर्वांना दाखवायची 'आजची सूचना' दुरुस्त करीत होता, दुसरा सर्वांच्या संकेतशब्दांची यादी. दोघांच्या कच्च्या मजकुराला यंत्राने एकच तात्पुरते नाव दिले, कारण दोघे एकाच खात्यावर एकाच वेळी काम करतील अशी कल्पना कोणी केलीच नव्हती. कागदांची अदलाबदल झाली, आणि त्यानंतर जो कोणी यंत्रावर आला त्याला 'आजची सूचना' म्हणून सगळ्यांचे संकेतशब्द वाचायला मिळाले!

या हकिगतीचे दोन बोध आहेत. पहिला असा की, सामाईक जागी होणारा दोष बहुधा एकट्याच्या कामात दिसत नाही. दोन कामे एकमेकांच्या वाटेत आली म्हणजे तो जन्मतो. दुसरा असा की, सगळ्या वह्या सगळ्यांना उघड्या असणे हेही बरे नव्हे. माझ्या घराची किल्ली चावडीवर टांगली तर त्याला मी लोकशाही म्हणणार नाही. या दुसऱ्या बोधाकडे शेवटी परत यावे लागेल.

येथे आमच्या चळवळीबद्दलही एक शब्द सांगितला पाहिजे, नाहीतर हा इतिहास एकांगी होईल. याच १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी संगणकाला तीव्र विरोध केला. सरकारने यांत्रिकीकरणाच्या प्रश्नावर समिती नेमली; तिचे अध्यक्ष पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर होते व तिचा अहवाल १९७२ मध्ये आला. बँकांमध्ये १९८३ साली संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात संगणकाविषयी करार झाला. नोकऱ्या जातील ही भीती खोटी नव्हती. परंतु आम्ही वाद घातला तो यंत्र यावे की न यावे याचा. यंत्र आल्यावर त्याने केलेली चूक कामगाराला कशी दिसणार, तिची वही त्याने कोणाकडे मागायची, हे कलम मागणीपत्रकात लिहिण्याचे आम्हांला सुचले नाही. हा दोष मी दुसऱ्यांना देत नाही. माझ्या स्वतःच्या मागणीपत्रकांतही ते कलम नव्हते.

२

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत गावेच्या गावे आडवी झाली. आम्ही तरुण मंडळी सास्तूरकडे धावलो. त्या दिवसांत मी पाहिलेल्या वह्या मला विसरता येत नाहीत : मृतांच्या, जखमींच्या, पडलेल्या घरांच्या. ज्याचे नाव वहीतून सुटले त्याचे घरही सुटले.

त्याच वर्षी, आम्हांला ज्याची गंधवार्ता नव्हती अशी एक गोष्ट दूर घडत होती. स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी निर्माण केलेले वेब, ३० एप्रिल १९९३ रोजी संस्थेने सर्व जगाला विनामूल्य वापरण्यासाठी खुले केले. तोपर्यंत वेबचा सर्व्हर म्हणजे नुसता ग्रंथपाल. मागाल ते लिहून ठेवलेले पान काढून देणारा. त्याच वर्षी अमेरिकेतील एनसीएसए या संस्थेच्या सर्व्हरभोवती एक करार ठरला, त्याला सीजीआय म्हणतात. कोणी पान मागितले तर सर्व्हरने एक छोटा कार्यक्रम चालवावा आणि तो जे लिहील ते मागणाऱ्याला द्यावे. ग्रंथपालाचा कारकून झाला. अर्ज घेणारा, हिशेब करणारा, यादी शोधून देणारा. त्याला लिहून दिलेली कामाची यादी म्हणजेच स्क्रिप्ट.

१९९५ हे वर्ष यापुढे महत्त्वाचे. त्या वर्षी अपाची नावाचा फुकट सर्व्हर निघाला. रास्मुस लेर्डॉर्फ या, ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या तरुणाने स्वतःच्या पानासाठी केलेली साधने जूनमध्ये सर्वांसाठी खुली केली. तीच पुढे पीएचपी ही भाषा झाली. आणि १५ ऑगस्टला विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. सर्व्हर फुकट, भाषा सोपी, तार घरापर्यंत. आता जागा तेवढी हवी होती.

ती जागा स्वस्त झाली ती एका लहानशा ओळीमुळे. सुरुवातीला प्रत्येक संकेतस्थळाला स्वतःचा अंकी पत्ता लागे. जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या नियमांत असे ठरले की, पान मागताना मागणाऱ्याने 'मला अमुक नावाच्या घरी जायचे आहे' हेही सांगितलेच पाहिजे. झाले! पत्रावर नुसता वाड्याचा नंबर असेल तर वाड्यात एकच कुटुंब राहू शकते. बिऱ्हाडकरूचे नाव लिहिले की त्याच वाड्यात शंभर बिऱ्हाडे राहतात. एका यंत्रावर शेकडो संकेतस्थळे राहू लागली आणि भाडे इतके उतरले की, लहान दुकानदार, शाळा, देवस्थान, आणि आमच्यासारखी फाटक्या खिशाची संघटना यांनाही जगाच्या रस्त्यावर पाटी लावता आली. हा उपकार मोठा आहे. तो विसरून पुढची तक्रार करणे कृतघ्नपणाचे होईल.

परंतु वाडा म्हटला की वाड्याचे सगळे आले. सुरुवातीला सर्व बिऱ्हाडांच्या स्क्रिप्टा सर्व्हर एकाच सामान्य नावाने चालवीत असे. त्यामुळे एकाच्या स्क्रिप्टला शेजाऱ्याचे कागद, इतकेच नव्हे तर त्याच्या माहितीच्या कोठाराचा संकेतशब्दही, पुष्कळदा वाचता येई. एकाने अवजड काम काढले की साऱ्या वाड्याचे नळ बारीक व्हायचे. म्हणून पाळी ठरवावी लागली. पीएचपीमध्ये मुळात नेमून दिलेली मर्यादा तीस सेकंदांची आहे. तेवढ्यात काम उरकले नाही तर ते मध्येच तोडले जाते. लांब यादी अर्धीच निघाली तर दोष यादीचा नसतो, पाळी संपलेली असते. आणि १९९७ मध्येच अपाचीच्या नव्या आवृत्तीत एक पहारेकरी आला. सूएक्झेक हे त्याचे नाव. ज्याची स्क्रिप्ट, त्याच्याच नावाने ती चालवायची, आणि चालविण्यापूर्वी कडक तपासणी करायची, हे त्याचे काम.

या पहारेकऱ्याची गंमत ऐकण्यासारखी आहे. स्क्रिप्ट चालेना की नवशिका मनुष्य त्रासून तिला ७७७ ही परवानगी देई. ७७७ म्हणजे कोणीही वाचा, कोणीही लिहा, कोणीही चालवा. जुन्या वाड्यात या उपायाने काम होऊन जाई, जरी घराला दार उरत नसे. नवा पहारेकरी मात्र नेमकी अशीच स्क्रिप्ट अडवी, कारण जिच्यात परका लिहू शकतो ती चालविणे धोक्याचे. म्हणजे कालचे औषध आज रोग ठरले. आणि अडविल्याचे कारण तो सांगे कोठे? स्वतःच्या वहीत. ती वही वाड्याच्या मालकाच्या खोलीत. बिऱ्हाडकरूच्या वाट्याला पडद्यावर एक आकडा येई : ५००, सर्व्हरमध्ये अंतर्गत दोष.

या पाचशेच्या आकड्याने जगभर किती रात्री खाल्ल्या असतील! मालकाच्या बाजूनेही न्याय केला पाहिजे. त्याच्या वहीत शंभर बिऱ्हाडांच्या नोंदी एकाखाली एक असत. एकाला ती दाखविली तर इतरांची गुपिते दिसत. म्हणून त्याने ती कोणालाच दाखविली नाही. हे सोपे होते, आणि येथेच अन्याय झाला. कारण प्रत्येक बिऱ्हाडाची वही वेगळी ठेवणे शक्य होते, आणि पुढे चांगल्या मालकांनी ती तशी ठेवलीही.

३

वही नसताना माणसे दोष शोधीत ते अनुमानाने. त्यांतले दोन दोष मी सांगतो, कारण दोन्ही डोळ्यांना न दिसणारे आहेत.

पहिला दोष टेलिप्रिंटरच्या काळातला. त्या यंत्रात ओळ संपली की दोन हालचाली कराव्या लागत : गाडी डावीकडे परत आणणे आणि कागद एक ओळ वर सरकविणे. प्रत्येक हालचालीची वेगळी खूण. टेलिप्रिंटर गेले, खुणा राहिल्या. घरच्या विंडोज संगणकाने दोन्ही ठेवल्या; सर्व्हरवरच्या युनिक्स घराण्याने एकच ठेवली. घरी लिहिलेली स्क्रिप्ट जशीच्या तशी सर्व्हरवर चढविली की पहिल्या ओळीच्या शेवटी एक जादा खूण चिकटून जाई. त्या पहिल्या ओळीत, ही स्क्रिप्ट कोणत्या दुभाष्याने वाचायची, त्याचा पत्ता असतो. खुणेसकट तो पत्ता चुकीचा ठरे, दुभाष्या सापडत नसे, आणि पुन्हा ५००. ओळ शंभर वेळा वाचली तरी तीत चूक दिसायची नाही, कारण चूक अक्षरांत नव्हतीच.

दुसरा दोष आपल्या लिपीच्या वाटेवरचा आहे. आरंभी मराठी पाने विशिष्ट फाँटवर लिहिली जात. तो फाँट नसेल तर वाचणाऱ्याला रोमन अक्षरांचा कचरा दिसे. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही समान संकेतव्यवस्था झाली. तिच्या १९८८ च्या मांडणीवर आधारून देवनागरीला ऑक्टोबर १९९१ च्या युनिकोडमध्ये जागा मिळाली. आणि १९९२ मध्ये केन टॉम्प्सन व रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ही लेखनपद्धती रचली. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक घर पुरते. देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला व प्रत्येक मात्रेला तीन घरे लागतात. इंग्रजी लिहिणारा आपली स्क्रिप्ट साध्या रीतीने जपून ठेवी आणि सुखी असे. मराठी लिहिणाऱ्याला नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ निवडावेच लागे. आणि ते निवडले की नोटपॅड मजकुराच्या अगदी आरंभी तीन अदृश्य खुणा घाली. पीएचपी त्या खुणांना मजकूर समजे व पानाच्या मथळ्याआधीच पाठवून देई. मग प्रवेशाची नोंद लागत नसे, पान पुढे सरकत नसे. मनुष्याचा अपराध एवढाच की, त्याने आपल्या भाषेत लिहिले. ही खोड नोटपॅडने २०१९ च्या आवृत्तीत सोडली.

मायएसक्यूएल या माहितीच्या कोठाराचेही तसेच. ते सामाईक सर्व्हरांवर घरोघर होते, आणि २०१८ मध्ये आठवी आवृत्ती येईपर्यंत त्याची मूळ समजूत अशी की, आत येणारा मजकूर पश्चिम युरोपच्या लिपीतला आहे. त्या लिपीचे नाव लॅटिन-१. सांगितले नाही तर ते देवनागरीला लॅटिन-१ च्याच घरांनी मोजी.

४

आता माझी स्वतःची चूक सांगतो.

आमच्या संघटनेची सदस्ययादी एका सामाईक सर्व्हरवर होती. मीच ती २०११ च्या सुमारास शिकत शिकत केली. तेव्हा सारे रोमन लिपीत. जिल्ह्याच्या नावासाठी मी वीस घरे राखली. 'उस्मानाबाद' रोमन लिपीत लिहिले तर नऊ घरांत मावते, तेव्हा वीस म्हणजे चैनच. २०२३ साली जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. आम्ही ठरविले की, नवे नाव लिहायचे तर ते आपल्या लिपीत लिहू. एका रात्री मी एकच आज्ञा दिली : जेथे जुने नाव असेल तेथे 'धाराशिव' लिही. यंत्राने ती मुकाट्याने पाळली.

दसऱ्यापूर्वीचे दिवस होते. टोळ्या कर्नाटकाकडे आणि पश्चिम महाराष्ट्राकडे निघण्याच्या बेतात. मुलांना मागे वसतिगृहात ठेवायचे तर अर्जांबरोबर आमची यादी जोडायची होती. मी जिल्हा निवडून यादी मागितली. पडद्यावर उत्तर आले : एकूण सदस्य शून्य.

ज्यांच्याकडे जागा भाड्याने घेतली होती त्यांना फोन केला. पलीकडचा मुलगा नम्र होता. म्हणाला, "सर, सर्व्हर ओके आहे. तुमच्या स्क्रिप्टमध्ये प्रॉब्लेम असेल. एरर लॉग या प्लॅनमध्ये मिळत नाही." मी रागावलो. आंदोलनाची भाषा बोललो. त्या मुलाचा काय दोष? तो बिचारा आठ तासांची पाळी करणारा, माझ्या संघटनेत असायला हवा असा कामगार.

मग शांत झालो आणि पुस्तकात सापडले की, बिऱ्हाडकरूला आपली स्वतःची वही उघडता येते. स्क्रिप्टच्या आरंभी दोन ओळी लिहायच्या : दोष लपवू नकोस, आणि ते माझ्या खोलीतल्या अमुक कागदावर लिही. तसे केले. वही उघडली. कोरी! यंत्राच्या मते काहीच चुकले नव्हते.

तीन दिवस गेले. चौथ्या रात्री मी शोध बाजूला ठेवून कोठारात काय साठले आहे तेच छापून पाहिले. 'धाराशि' एवढे आले आणि पुढे काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह. मग यंत्राला मोजायला सांगितले. मी दिलेल्या शब्दाची घरे एकवीस. साठलेल्या शब्दाची वीस. ध, काना, र, काना, श, वेलांटी, व : सात खुणा, प्रत्येकीला तीन घरे, मिळून एकवीस. शेवटच्या 'व'चे शेवटचे घर कापले गेले होते. मी विचारीत होतो पूर्ण नावाने, कोठारात होते तुटके नाव. दोन्ही जुळत नव्हती, म्हणून साऱ्या जिल्ह्यात माणूस नाही. तसे पाहिले तर प्रत्येक माणूस यादीत जागच्या जागी होता.

आणि सर्वांत लागलेली गोष्ट पुढची. कापताना कोठाराने इशारा दिला होता. 'मजकूर तोडला आहे' असा इशारा ते देते. परंतु त्याला दोष म्हणत नाही, म्हणून दोषाच्या वहीत लिहीत नाही. आज्ञेनंतर लगेच 'काही इशारे आहेत काय?' असे विचारले तर सांगते. विचारले नाही तर पुढच्या कामाबरोबर विसरून जाते. मी विचारले नव्हते.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. जागा वाढविली, लिपी नीट सांगितली, नावे पुन्हा लिहिली. सारे सदस्य परत दिसू लागले. परंतु त्या चार दिवसांत दोन टोळ्या निघून गेल्या होत्या. ज्यांच्या अर्जांवर सह्या राहिल्या, त्यांतली तीन मुले आईबापांबरोबर गेली, आणि त्यांचे ते वर्ष उसाच्या फडाशेजारी कोपीवर गेले. एका अक्षराच्या तिसऱ्या हिश्शाची ही किंमत. ती मी भरली नाही, त्या मुलांनी भरली.

५

या लहानशा चुकीची कथा मी एवढ्यासाठी सांगितली की, आता वह्या मोठ्या झाल्या आहेत. २०१७ च्या कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरावे लागले; त्यासाठी आपल्या गावांतून केंद्रांपुढे लागलेल्या रांगा आपण सर्वांनी पाहिल्या, आणि त्या ऑक्टोबरात लाभार्थींच्या पहिल्या यादीत चुका निघून ती संकेतस्थळावरून मागे घ्यावी लागली. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामांवरची हजेरी मोबाइलवरून छायाचित्रासह घेणे बंधनकारक झाले. माझी आई कारकुनासमोर उभी राहत असे. तिच्या नातीने कोणासमोर उभे राहायचे? "सर्व्हर डाऊन आहे" हे उत्तर आहे, पण नोंद नव्हे. किती वाजता, कोणते काम, कोठे अडले, हे लिहिलेले असेल तर ती नोंद. ती असेल तर भांडता येते.

ही मागणी नवी नाही. आपल्या राज्याने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हापासून मस्टरचे महत्त्व गावोगाव कळले. राजस्थानात १९९४ पासून मजूर किसान शक्ती संघटनेने मस्टर आणि बिले गावकऱ्यांपुढे मोठ्याने वाचण्याच्या जनसुनावण्या घेतल्या. त्या आणि अशा चळवळींतून २००५ चा माहितीच्या अधिकाराचा कायदा आला. मजुरांनी देशाला शिकविलेला हा धडा आहे : हिशेबाची वही लपविता कामा नये. संगणकाच्या बिघाडाची वही ही त्याच वहीची धाकटी बहीण आहे.

कॉर्बाटोंची हकिगत मात्र विसरू नये. सर्वांची वही सर्वांना, असे मी म्हणत नाही. शेजाऱ्याचे गुपित मला नको. माझ्या कामात जे चुकले त्याचे पान मला दिसावे. यंत्राने काही तोडले, टाकले किंवा गाळले तर ते न विचारता सांगावे. आणि पाळी किती, ती कधी संपते, हे आधी माहीत असावे. सामाईक विहिरीवर आपल्या आजोबापणजोबांनी याहून अधिक काही मागितले नव्हते. हे काम अवघड नाही. ते करणारी मुले आपल्याच गावांतून पुण्यामुंबईला गेली आहेत. सभागृहात त्यांतली काही बसलेलीही असतील. त्यांनी यादी करताना जागा थोडी सैल राखावी आणि आपल्या लिपीचे माप आधी घ्यावे.

आमच्या संघटनेत आता एक रिवाज आहे. यादीत काही बदलले की त्याच रात्री दोघे जण बसतात. एक जण पडद्यावरचे नाव मोठ्याने वाचतो, दुसरा कागदावर खूण करतो. तरुण पोरे हसतात. म्हणतात, हे यंत्राला विचारून एका क्षणात होईल. होईलही, आणि यंत्राला आम्ही आता विचारतोही. पण त्या यादीतल्या पुष्कळांना अजून वाचता येत नाही, आणि आपले नाव कोणीतरी मोठ्याने वाचले, हे त्यांना ऐकायचे असते.